कॉलरच्या आत दोन लाल टाके

४ नोव्हेंबर

ही डायरी दंतवैद्याने दिली. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे छापलेला वार आणि खरा वार यांचं जमत नाही. माझंही सध्या घरात कोणाशी जमत नाही, तेव्हा आमची जोडी बरी आहे.

मला लिहायची सवय नाही. वाचायला शिकलो तेही कपडे बांधायच्या रद्दीवर. वडील इस्त्री फिरवायचे, मी गठ्ठे बांधायचो आणि बांधता बांधता अक्षरं जुळवायचो. कागद फाटलेला असायचा, म्हणून जगातली प्रत्येक बातमी मला अर्धीच माहीत आहे. आणि एकदा बांधून दिलेला कागद परत कधी हाती यायचा नाही, म्हणून मागचं उलटून वाचायची सवयही लागली नाही. इथेही तेच होणार. लिहायचं आणि पुढे जायचं.

लिहायला बसलो कारण मुंगी बोलत नाही. मुंगी म्हणजे माझी नात. लहानपणी स्वतःपेक्षा मोठं गाठोडं ओढत दुकानभर फिरायची, तेव्हापासून हे नाव. पूर्वी शाळेतून आली की दप्तर फेकण्याआधी तोंड सुरू व्हायचं. या वर्षी परीक्षा देऊन टेकडीवरच्या मोठ्या शाळेत जागा मिळवली, फी माफ झाली, आणि पोरीचं तोंड बंद झालं. काय झालं विचारलं तर "काही नाही". काही नाही हे इतक्या वेळा कसं काय होतं, देव जाणे.

मला जे कळलं ते तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या सुनेकडून. मुलगा ट्रकवर असतो, पंधरवड्याने घरी येतो. दुकान सून आणि मी बघतो. सून म्हणाली, शाळेत दोन तट आहेत. गाडीतून येणारे ते गाडीवाले, टेकडी चढून येणारे ते चढवाले. वर्गप्रमुखाची निवडणूक आहे आणि चढवाल्यांनी मुंगीला उभं केलंय.

समोर कोण, तर दोनटाक्यांची मुलगी.

६ नोव्हेंबर

दोनटाके हे आडनाव नव्हे. आमच्या लाँड्रीत प्रत्येक घराची खूण असते. कॉलरच्या आत किंवा कमरपट्टीला रंगीत दोऱ्याने घालतो. दंतवैद्याची पिवळी फुली, पोस्टमास्तरचा हिरवा त्रिकोण, टेकडीखालच्या बंगल्याचे दोन लाल टाके. सगळे कपडे एकत्र धुतले तरी कोणाचं कोणाला जात नाही. मी गिऱ्हाइकांना खुणेनेच ओळखतो. नावं विसरतो, खूण विसरत नाही. एका खुणेचं एकच घर, आणि घातलेली खूण कधी उसवायची नाही. वडील सांगायचे, खूण उसवायची गरज फक्त चोराला पडते.

आज मुंगी चुण्यांचे स्कर्ट घड्या करत होती. अचानक म्हणाली, "आजोबा, आपली खूण कुठली?"

बोलली याचाच मला आनंद. म्हटलं, "आपल्याला कशाला खूण? आपले कपडे कुठे हरवतायत."

"का नाही हरवत?"

"अगं, आपले शेवटी धुतो. वेगळे. गिऱ्हाइकांच्यात मिसळतच नाहीत, तर चुकणार कसे?"

"वेगळे का?"

"असंच असतं."

"कोणी सांगितलं असंच असतं?"

"हे काय कोणी सांगावं लागतं?"

तिने हातातला स्कर्ट अशा काही नजरेने ठेवला की मीच तो चुरगळला असं वाटावं. मग आत निघून गेली. मी काय वाईट बोललो? सोपा प्रश्न होता, सोपं उत्तर दिलं. आजकालच्या पोरांना सोपं पचत नाही.

११ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. टेकडीवरच्या शाळेत थंडीत बाटलीहिरवा कोट लागतो. जूनपासून तो माझ्या डोक्यावर बसला होता. शाळेने सांगितलेल्या दुकानात मी एकदा जाऊन आलो, कोटाला हात लावला आणि हात खिशात घालून परत आलो.

आज दोनटाक्यांचा ड्रायव्हर कपड्यांसोबत एक पिशवी घेऊन आला. आत कोट. बाईंनी निरोप दिला होता, आमच्या मुलीला आखूड झालाय, तुमच्या नातीला होत असेल तर बघा. बाई शब्द जपून वापरतात. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ड्रायव्हरला चहा पाजला. तो बोलका माणूस, बसला की उठत नाही.

सून म्हणाली, "मुंगीला कळलं कुणाचा आहे, तर ती अंगाला लावायची नाही."

"कळेल कशाला? सांगू, एक गिऱ्हाईक टाकून गेलं, न्यायला आलंच नाही."

"खोटं बोलायचं?"

"थंडी खरी आहे ना?"

सुनेने तोंड वाकडं केलं, पण पिशवी आत नेऊन ठेवली. कोट मजबूत आहे. एका कोपराला फाटलाय, दोन्ही कोपरं घासून चकाकतायत, अस्तर एका बाजूला सुटलंय. आठवड्याचं काम. माझ्या आवडीचं.

१४ नोव्हेंबर

आज दुपारी दुकानात कोण यावं? स्वतः दोनटाक्यांची पोर. स्कर्टवर शाई सांडली होती. ड्रायव्हरला पाठवायचं सोडून स्वतः आली, गाडी कोपऱ्यावर उभी करून. मुंगी शाळेतून यायची होती. ही गाडीने येणारी, ती चालत, म्हणून हीच आधी पोचली.

मी स्टूल दिलं. बसली. "इथे किती उबदार आहे," म्हणाली. म्हटलं, इस्त्रीची ऊब, फुकट आहे, कितीही घे. हसली. घरी या वेळी कोणी नसतं म्हणाली. एवढा बंगला आणि आत कोणी नाही. मला कसंसंच झालं.

फार गुणी मुलगी. सगळं विचारत होती. खुणा कशा घालता, कुठे घालता, कशा ओळखता. मी दोऱ्यांचा डबाच काढला समोर. मग म्हणाली, "मुंगी इथे काय करते?"

म्हटलं, "सध्या भाषण पाठ करते. हँगरवरच्या शर्टांना मतदार समजते आणि या टेबलापुढे उभी राहते. परवा पोस्टमास्तरच्या शर्टाला विचारत होती, तुम्ही गप्प का."

पोर इतकी हसली की डोळे पुसायला लागली. पोरीपोरींत स्पर्धा आहे खरी, पण मनात काही नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मग तिची नजर खुंटीवरच्या कोटावर गेली. "हा कोणाचा?"

"ओळख पाहू," म्हणून मी कॉलर उलटी करून दाखवली. दोन लाल टाके. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हटलं, "तुझाच की. तुझ्या आईने दिला मुंगीला. बोलली नाही का घरी?"

ती नाही म्हणाली. उठून बाहीवरून बोट फिरवलं. "इथे फाटला होता. मी जिन्यावरून पडले होते."

"आता शोधून दाखव कुठे फाटला होता."

तिला सापडेना. मला असा काही आनंद झाला. मग हळूच म्हणाली, "तिला माहितीये?"

"छे. तिला वाटतंय गिऱ्हाईक टाकून गेलं. तूही बोलू नकोस हं."

"नाही बोलणार," म्हणाली. आणि मी आले होते हेही सांगू नका म्हणाली. लाजाळू आहे.

शाई निघाली. थोडी सावली राहिली.

२० नोव्हेंबर

आज कोट मुंगीच्या अंगावर चढला. कोपराची चकाकी व्हिनेगरच्या फडक्याने वाफ देऊन घालवली, अस्तर लावलं, बटणं पक्की केली. खुणेला हात लावला नाही. त्याचा प्रश्नच नव्हता. आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय.

आरशासमोर उभी राहिली आणि किती तरी दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलली. "आजोबा, याचा मालक परत आला तर?"

"तर त्याला सांगू, उशीर झाला. आमची घंटा वाजली."

हे ऐकून ती हसली, कारण घंटेचीच भानगड तिच्या भाषणात आहे. आता मलाही ती नीट कळली. शाळेला मोठं फाटक आहे ते गाड्यांसाठी. चालत येणाऱ्यांनी मागच्या छोट्या दाराने यायचं. घंटा झाली की छोटं दार बंद, मग बाहेर उभं राहा आणि नावापुढे खूण घ्या. पण गाडी उशिरा आली की मोठं फाटक उघडतात, कारण गाडी रस्त्यात उभी राहिली तर वाहतूक अडते. मुंगी म्हणते, "आपण सगळे एकाच घंटेला वर्गात बसतो, मग एकाच दाराने आत का येत नाही?" म्हटलं, वाक्य छान आहे, पण सुरुवातीला 'सन्माननीय उपस्थितांनो' घाल. ती म्हणाली, आजोबा, वर्गात पंख्याशिवाय सन्माननीय काही नाही.

घर कसं घरासारखं वाटलं आज.

२७ नोव्हेंबर

मुंगी कोटाशिवाय घरी आली. बाहेर नाकाचा शेंडा गार पडतोय आणि ही नुसत्या शर्टावर. कोट दप्तरात कोंबलेला, गोळा करून. मी म्हटलं, "अगं, मी त्याला आठवडाभर वाफ दिली आणि तू—"

"तुम्ही मला काही सांगू नका."

तुम्ही. रागावली की ती मला अहो-जाहो करते. लहानपणी तापाचं औषध पाजलं तेव्हा तीन दिवस अहो आजोबा चाललं होतं.

विचारलं, काय झालं. जेवली नाही. दार लावून घेतलं. माणसाने किती वेळ बंद दाराशी बोलावं? मी लाकडाशी जितकं बोललो त्यातलं निम्मं तरी तिला ऐकू गेलं असेल.

२८ नोव्हेंबर

सुनेने कुठून कुठून गोळा करून आणलं. चढवाल्यांतल्या एका पोराच्या आईने सांगितलं म्हणे.

मधल्या सुट्टीत मुंगी आणि दोनटाक्यांची पोर यांची जुंपली. सगळा वर्ग भोवती. दारावरूनच सुरू झालं. पोर म्हणाली, लवकर निघत जा घरातून, कोणी अडवलंय. मुंगी म्हणाली, "तुला काय कळणार, तुझं सगळं आयतं. बसायला गाडी आयती, उघडायला फाटक आयतं. स्वतःचं असं एक तरी आहे का तुझ्याकडे?"

ती म्हणाली, "आणि तुझ्या अंगावरचं?"

आणि पुढे होऊन मुंगीची कॉलर उलटी केली. मग स्वतःची. दोन लाल टाके, दोन लाल टाके. गाडीवाल्यांपैकी कोणी तरी टाळ्या वाजवल्या.

हे ऐकून मी इस्त्री बाजूला ठेवली.

कोणी सांगितलं तिला? मी सगळी माणसं मनात उभी केली. सून बोलणार नाही. बाई बोलल्या असत्या तर आधीच बोलल्या असत्या, त्या शब्द जपून वापरतात. उरला ड्रायव्हर. तोच तो, बसला की उठत नाही. पोरीला शाळेत सोडताना बडबडला असणार. आमच्या चहावर चहा ढोसून हे उद्योग. आज कपडे घ्यायला आला तेव्हा मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. गठ्ठा टेबलावर आपटला. तो म्हणाला, तब्येत बरी नाही का? काय पण निर्ढावलेला माणूस.

२९ नोव्हेंबर

मुंगी शाळेत गेली नाही.

३० नोव्हेंबर

आजही नाही. सुनेला म्हणाली, जुन्या शाळेत परत नाव घाला. निवडणुकीतून नाव काढून घेते. आता भाषणाला उभी राहिले तर माझं तोंड कोणी बघणार नाही, कॉलर बघतील.

सून माझ्याकडे बघते. मी इस्त्रीकडे बघतो. एक पांढरा शर्ट करपवला, किती तरी वर्षांनी.

मला राग येतो आणि तो कोणावर काढावा कळत नाही. रात्री दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलेली पोर मी पाहिलेली आहे. ती जागा तिने कमावली आहे. आणि ती दोन टाक्यांपायी सोडायची? बरं, टाके मीच घातलेले. ती पोर पाळण्यात होती तेव्हापासून तिच्या झबल्यांना घालत आलोय. माझ्याच हाताचे टाके माझ्याच नातीला बोचतायत. भाषण तीन तारखेला आहे.

१ डिसेंबर

दुपारी दुकान बंद ठेवून कोट काढला. ठरवलं, आयुष्यात केलं नाही ते करायचं.

खूण पक्की असते. आम्ही ती कपड्याच्या आयुष्याला पुरेल अशीच घालतो. पहिला टाका निघताना सुई माझ्याच बोटात गेली. दुसरा निघाल्यावर कॉलरवर दोन बारीक भोकं दिसायला लागली, ती वाफेने बुजवली. मग बसून राहिलो. वडील समोर उभे आहेत असं वाटत होतं. मी त्यांना म्हटलं, पोरीसाठी केलं. ते काही बोलले नाहीत. जिवंतपणीही फार बोलायचे नाहीत.

पण एक ओझं उतरलं. आता कोण म्हणेल कोट कोणाचा? उद्या तिला दाखवतो.

२ डिसेंबर

काय करावं या मुलीला.

सकाळी कोट घेऊन तिच्यापुढे गेलो. कॉलर उलटी करून दाखवली. म्हटलं, बघ, गेले. आता कोणाच्या बापाला सिद्ध करता येणार नाही.

ती कॉलरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उसवलेत?"

"हो."

"तुम्ही उसवलेत?"

"हो म्हटलं ना."

"खूण उसवतो तो कोण असतो, आजोबा?"

मी कॉलर सुलटी केली.

"आधी दिलेला होता," ती म्हणाली. "आता चोरीचा झाला."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग काय करू? टाके ठेवले तरी चुकलं, काढले तरी चुकलं. खोटं बोललो तरी चुकलं, खरं बोललो असतो तर तू थंडीत कुडकुडली असतीस. तुला काय पाहिजे ते एकदा सांग आणि मला मोकळं कर."

इतक्या मोठ्याने मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. सून आतून धावत आली. मला वाटलं, आता दार लागणार.

दार लागलं नाही. ती तिथेच उभी होती. डोळे भरलेले, पण चेहरा काही तरी हिशेब जुळल्यासारखा. म्हणाली, "लाल दोरा कुठेय?"

"कशाला?"

"डबा दे."

दे म्हणाली. द्या नाही. मी डबा दिला.

३ डिसेंबर

सकाळी ती कोट घालून बाहेर आली आणि मला वाटलं माझे डोळे गेले. कॉलरच्या बाहेरच्या बाजूला, समोर, सगळ्यांना दिसतील असे दोन लाल टाके. माझ्यासारखे बारीक नव्हेत. बोटाएवढे. वाकडे. टाके घालायचं मी तिला कधी शिकवलं नाही, ते दिसतच होतं.

"अगं, हे काय?"

"त्यांना उलटी करायचा त्रास नको," म्हणाली.

"लोक हसतील."

"हसू देत. एकदाच हसतील. झाकलं की रोज हसतात."

सून दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती. मी म्हटलं, निदान मला नीट घालून देऊ दे, हे गोणपाटाला दाभण मारल्यासारखं दिसतंय. नाही म्हणाली. टेकडीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते लाल दिसत होतं.

दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी आली. म्हटलं, काय झालं?

"हरले."

थोडक्यात की पुष्कळ, ते सांगेना. पण जेवली. दोनदा भात घेतला. हरलेलं माणूस असं जेवतं का? मला या पोरीचं काही कळत नाही. उद्या शाळेत जाणार का विचारलं तर म्हणाली, "नाही तर कुठे जाणार?" जणू काही इतके दिवस मीच घरी बसलो होतो.

६ डिसेंबर

शाळेतल्या पोरांना काय खूळ लागलंय समजत नाही. आज सकाळपासून आया येतायत, हातात शर्ट. प्रत्येक कॉलरवर लाल शाईने दोन रेघा मारलेल्या. सगळी चढवाल्यांची पोरं. एक तर गाडीवाल्यांपैकी निघाला, त्याच्या आईने स्वतः गाडी चालवत शर्ट आणला आणि माझ्यावरच डाफरली, जसं काही मी दौत घेऊन टेकडीवर बसलो होतो. लाल शाई सगळ्यांत वाईट. निळी निघते, काळी निघते, लाल गुलाबी होऊन बसते.

मुंगीला विचारलं, "ही कसली फॅशन?"

म्हणाली, "असेल काही तरी."

आणि हसली. लोकांचे कपडे खराब होतात आणि हिला हसू येतं.

८ डिसेंबर

नवीन घोर. एका खुणेचं एकच घर, हा नियम. आता मुंगीच्या कोटावर दोन लाल टाके आणि बंगल्याच्या कपड्यांवरही. कोट धुवायला टाकला की घोटाळा. दोघांपैकी एकाला बदलावी लागणार, आणि बदलायची तर आपणच. ते माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं गिऱ्हाईक. मुंगीला हे कसं सांगायचं? परत अहो सुरू होईल. चार शब्द जुळवून ठेवलेत, पण तोंडातून निघत नाहीत.

९ डिसेंबर

मीच बोलायच्या आत सगळं होऊन गेलं. दुपारी दोनटाक्यांची पोर आली. या वेळी चालत. हातात भली मोठी पिशवी, स्वतःचे कपडे कोंबलेले. मुंगी दुकानातच होती, चादरी घडी करत. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मी मनात म्हटलं, आता इस्त्री लपवावी.

पोर मला म्हणाली, "आजोबा, आमची खूण बदलायचीये."

"का गं?"

"दोन घरांना एक खूण चालत नाही ना. तुम्हीच सांगितलं होतं."

"अगं, पण बदलू ती आमची. तुमची जुनी आहे."

"नको. वर्गात सगळे तिला तिची समजतात. मी माझा जुना स्वेटर घातला तरी म्हणतात, मुंगीची नक्कल केली." शेवटचं वाक्य ती मुंगीकडे न बघता बोलली, पण मुंगीसाठीच होतं.

मुंगी चादरीआडून म्हणाली, "वर्गप्रमुखांना दुसऱ्यांचं वापरायची सवयच आहे. माझं छोटं दारपण वापरलं."

"वापरलं नाही, उघडून घेतलं. कालपासून घंटेनंतर थोडा वेळ उघडं असतं. तू भाषण केलंस, मी मोठ्या बाईंकडे गेले."

"मुद्दा माझा होता."

"मतं मला होती."

"पुढच्या वर्षी बघू."

"बघू की."

म्हटलं, भांडायचं तर बाहेर जा, इथे पांढरे कपडे आहेत. पण कोणी हललं नाही. मुंगीने पायाने स्टूल पुढे सरकवलं, नीट दिलं नाही, सरकवलं. पोर बसली. मी डबा उघडला. कोणता रंग, यावर पुन्हा जुंपली. पोर म्हणाली निळा. मुंगी म्हणाली, निळा शिंप्याच्या घराचा आहे, एवढंही माहीत नाही. शेवटी नारिंगी ठरला. पोरीला सुई धरता येईना. मुंगीने हिसकावून घेतली आणि दोरा ओवून परत दिली. मुंगीचे टाकेही काही बघण्यासारखे नाहीत, तरी दुसऱ्याला शिकवण्याइतके आपले आहेत असं तिला वाटत होतं.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पोरींनो, एक सांगू? या सगळ्याला तो ड्रायव्हर कारणीभूत आहे. कोटाचं त्यानेच फोडलं. मी त्याच्याशी बोलणंच टाकलंय. एक दिवस तुझ्या आईला सांगणार आहे, असल्या बडबड्या माणसाला—"

पोर एकदम थांबली. तोंड उघडलं आणि मुंगीकडे बघितलं. मुंगीने तिच्याकडे. मला वाटलं, झालं, आता परत पेटणार.

मुंगी म्हणाली, "जाऊ दे ना आजोबा. बोलून गेला असेल बिचारा. मुद्दाम नसेल केलं."

"हो," पोर म्हणाली. "त्याच्या पोटात काही राहत नाही. पण मनाने चांगला आहे."

"फार चांगला आहे," मुंगी म्हणाली. "त्याला काही बोलू नकोस."

"आईला तर मुळीच सांगू नका," पोर म्हणाली.

आणि दोघींनी खाली माना घालून टाके घालायला सुरुवात केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं, आणि ते त्या ड्रायव्हरवर. मी काय बोलणार? पोरींना त्याची दया येते तर मी कोण राग धरणारा. उद्या तो आला की चहा पाजीन. पण आता त्याच्यासमोर घरातलं काही बोलायचं नाही, एवढं मात्र नक्की.

मुंगीने आत जाता जाता माझा हातरुमाल उचलून नेला. आत्ता परत मिळाला. कोपऱ्यात दोन लाल टाके, वाकडे. तिने सांगून ठेवलंय, आजपासून आपले कपडे सगळ्यांबरोबर धुवायचे. सून हो म्हणाली. मला कोणी विचारलंच नाही.